वॉर्फरिन चालू की बंद?

एका सिस्टरनी परीक्षेच्या सरावासाठी लिहिलेलं ते पत्र व्याकरणाने स्वच्छ होतं. आमच्या क्लासमधल्या दुसऱ्या सरांनी ते आधी तपासून वरच्या कोपऱ्यात 'व्हेरी गुड' असा शेरा मारला होता. मी चौथ्या ओळीपर्यंत आलो आणि तिथेच अडलो.

सांगलीत विश्रामबागेत मी नर्सेसना ओईटी शिकवतो. परदेशात नोकरीला जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, त्यासाठी चालणाऱ्या परीक्षांतली ही एक, खास वैद्यकीय क्षेत्रातल्यांसाठीची. शेजारचं मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि आजही पार कर्नाटकातून पेशंट मिरजेला येतात. त्यामुळे आमच्या वर्गातल्या बहुतेक सिस्टर मिरजेच्या, नाइट उतरून थेट बाकावर येऊन बसणाऱ्या.

लेखनाच्या पेपरात एका पेशंटच्या केस नोट्स देतात आणि त्यावरून पत्र लिहायला लावतात. वाचायला ५ मिनिटं, लिहायला ४०, आणि पत्र १८० ते २०० शब्दांचं. बाहेरच्यांना वाटतं, यात वैद्यकीय शब्द अवघड जात असतील. ते तर सिस्टरना पाठच असतात. खरी मेख अशी, की नोट्समध्ये क्रियापदं जवळपास नसतातच. 'छातीत दुखणे, ३ दिवस.' 'वॉर्फरिन, २०१७ –'. त्या रेघेपुढे काही नसतं, म्हणजे औषध चालू आहे. वॉर्डातल्या वहीतही असंच लिहितात आणि तिथे ते पुरतं. पत्रात मात्र क्रियापद घालावं लागतं, म्हणजे काळ लिहिणारीनेच ठरवायचा. त्यासाठी कागदावर 'आजची तारीख अमुक समजा' अशी एक ओळ असते. ती बहुतेक जणी वाचतच नाहीत.

या सरावपत्रातला पेशंट साठीचा, हृदयाचे ठोके अनियमित, म्हणून वॉर्फरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी. आता हर्नियाच्या ऑपरेशनसाठी सर्जनकडे पाठवायचा होता. आजची तारीख जून २०१९ मधली. सिस्टरनी लिहिलं होतं, 'ही टुक वॉर्फरिन फॉर टू इयर्स.'

मी त्यांना विचारलं, "सिस्टर, गोळी चालू आहे की बंद?"

"चालू हाय की सर. बंद कुठं लिहिलंय मी?"

"तुमच्या वाक्यात ती बंद झालीय."

त्या चिडल्याच. आयसीयूत वर्षानुवर्षं काढलेल्या बाईला वॉर्फरिन काय असतं हे मी सांगायला नकोच होतं, आणि तसं त्या मला म्हणाल्याही. मी फक्त एवढंच म्हटलं, की तुम्ही ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर आहात आणि हातात हे एवढंच पत्र आहे असं समजून वाचा. साध्या भूतकाळात 'टुक' लिहिलं की इंग्रजी वाचणारा तो हिशेब मिटलेला धरतो. दोन वर्षं घेतली, सोडली. मग आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, कधी बघायचा, ऑपरेशनच्या आधी गोळी किती दिवस थांबवायची, हे प्रश्नच त्याच्या मनात येत नाहीत. 'ही हॅज बीन टेकिंग वॉर्फरिन फॉर टू इयर्स' म्हटलं की तेच सगळे प्रश्न उभे राहतात. त्यांनी वाक्य पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, "म्हंजे हा टेबलावर ब्लीड होणार."

मला राग आला तो त्या चुकीमागच्या शिकवणीचा. 'दोन वर्षं गोळी खातोय' हे आपण मराठीत वर्तमानातच बोलतो. तसंच उचलून 'ही इज टेकिंग सिन्स टू इयर्स' लिहिलं असतं तर इंग्रजी फसलं असतं, पण गोळी चालू आहे हे तरी सर्जनला कळलं असतं. ते वाक्य चूक आहे हे सिस्टरना ठाऊक होतं. मग पूर्ण वर्तमानकाळ का नाही घेतला? तर शाळेत घोकलेलं, 'नुकतीच संपलेली क्रिया म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ.' गोळी संपलेली नाही, मग 'पूर्ण' कशी? म्हणून त्या साध्या भूतकाळात शिरल्या.

तो नियम मुळातच लंगडा आहे. पाच मिनिटांपूर्वी चहा घेतला, अगदी नुकताच, तरी इंग्रजीत 'आय हॅड टी फाइव्ह मिनिट्स अगो' असा साधा भूतकाळच लागतो. रायगड तीस वर्षांपूर्वी पाहिला असला तरी वेळ न सांगता 'आय हॅव सीन रायगड' म्हणता येतं. किती वेळ झाला याला तिथे महत्त्व नाही. ती गोष्ट आत्ताशी जोडून सांगायची आहे का, एवढंच बघायचं. पण बारा काळांचा तक्ता पाठ करून घेणाऱ्यांना हे सांगायला सवड नसते, आणि तक्त्यात ते मावतही नाही. त्यात आपण 'गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली होती' म्हणतो, म्हणून सगळी बॅच 'ही हॅड अंडरगॉन' लिहिते. इंग्रजी वाचणारा मग शोधत बसतो, ही कशाच्या आधी झाली?

'व्हेरी गुड'वाले सर ऐकायला तयार नव्हते. "वाक्य करेक्ट आहे, मार्क कशाचे कापू?" माणूस मेहनती आहे, पण कागदावरचं वाक्य आणि कागदाबाहेरचा पेशंट यांची गाठ घालून तपासत नाही. वाक्य करेक्ट आहे म्हणूनच तर कुणाला खटकत नाही, हे मी त्यांना अजून पटवतोय.

पुढच्या आठवड्यात सिस्टर स्वतःच एक कोडं घेऊन आल्या. वॉर्डातल्या एका पेशंटचं वॉर्फरिन ऑपरेशनसाठी थांबवलं होतं. मराठीत 'मंगळवारपासून बंद केलंय' एवढ्यात सगळं येतं, दिवसही आणि अजून बंद आहे हेही. इंग्रजीत 'हॅज स्टॉप्ड' म्हटलं तर अजून बंद आहे हे कळतं, पण त्याला मंगळवार जोडता येत नाही. 'स्टॉप्ड ऑन ट्यूझडे' म्हटलं तर दिवस येतो, पण पुन्हा सुरू केलं की नाही ते राहून जातं. आम्ही तिघांनी फळ्यावर बराच वेळ खटपट केली. शेवटी त्यांनीच लिहिलं, 'ही स्टॉप्ड वॉर्फरिन ऑन ट्यूझडे अँड हॅज नॉट रिझ्यूम्ड इट.'

सर म्हणाले, दोनशे शब्दांत हे जादाचे शब्द परवडायचे नाहीत. मी म्हटलं, पत्रातली 'पेशंट निवृत्त शिक्षक आहे आणि त्याला बागकामाची आवड आहे' ही ओळ काढा. सिस्टरनी ती खोडली होतीच.