बाईंनी गाळलेला टप्पा

आमच्या विज्ञानाच्या बाई ऑफ तासाला आल्या की पुस्तक उघडायच्याच नाहीत, गोष्टी सांगायच्या. त्यातली सिसिली सॉन्डर्सची गोष्ट माझ्या डोक्यात राहिली कारण मी पुढे नर्सिंगला गेले आणि आता कॅन्सर वॉर्डला असते. बाईंची गोष्ट एवढीशीच, लंडनची एक नर्स पाठीच्या दुखण्याने काम सोडते आणि पुढे डॉक्टर होते. वर्गातल्या हुशार पोरी (त्यात मी नव्हते) लगेच म्हणाल्या, बघा, शेवटी डॉक्टरच व्हावं लागतं ना!

नंतर वाचलं तेव्हा कळलं बाईंनी मधला टप्पाच गाळलेला. ऑक्सफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून ती 1940 ला सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये नर्सिंगला गेली, पाठीने दगा दिला, मग राहिलेली डिग्री घेऊन ती आल्मोनर झाली, म्हणजे आत्ताची मेडिकल सोशल वर्कर. घरी कोण बघणार, पैशाचं काय, ही सगळी कटकट तिच्या टेबलावर. तिथेच डेव्हिड टास्मा भेटला, पोलंडचा ज्यू, कॅन्सर, मागे कुणी नाही. 1948 मध्ये तो गेला आणि जी संस्था, म्हणजे मरणाऱ्या पेशंटची काळजी घेणारं हॉस्पिस, अजून फक्त दोघांच्या बोलण्यात होती तिच्यासाठी 500 पौंड ठेवून गेला! पुढे बॅरेट नावाच्या सर्जनने तिला सांगितलं, तू डॉक्टरच हो, मरणाऱ्या पेशंटकडे पाठ फिरवतात ते डॉक्टरच. 33 व्या वर्षी मेडिकलला अॅडमिशन, 1957 ला डॉक्टर, 1967 ला तिचं स्वतःचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू.

पण मला खरी मजा मॉर्फिनची, म्हणजे दुखणं थांबवणाऱ्या औषधाची वाटते. तेव्हा बहुतेक ठिकाणी पेशंट कळवळला की मगच द्यायचे, सवय लागेल म्हणून. डॉक्टर व्हायच्या आधी सेंट ल्यूक्स या लंडनच्या मरणाऱ्या पेशंटच्या हॉस्पिटलमध्ये ती नर्स म्हणून फुकट काम करायला जायची, तिथे मात्र दुखणं परत सुरू व्हायच्या आधीच घड्याळ बघून दर चार तासांनी डोस द्यायचे. डॉक्टर झाल्यावर तिने हेच हॅकनीच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये केलं, पेशंटच्या नोंदी ठेवल्या, पेपर लिहिले, तेव्हा कुठे लोकांनी ऐकलं. म्हणजे बघा, गोष्ट वॉर्डातल्यांना आधीच माहीत होती, फक्त सही डॉक्टरची लागली. आजही लागतेच. नाइटला चार्टवर मॉर्फिनपुढे नुसतं एसओएस, म्हणजे लागेल तेव्हाच द्या, असं दिसलं की मी ड्युटी डॉक्टरला उठवते आणि वेळा लिहून घेते, चिडले तर चिडले.