सैल दोरीवरची सपाट झोप

गेली पंचवीस-तीस वर्षे मी सह्याद्रीत भटकतो आहे आणि या काळात गडावरच्या मंदिरांत, कातळात कोरलेल्या टाक्यांशेजारच्या गुहांत आणि गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात कॅरीमॅट अंथरून बिनतक्रार झोपलो आहे. गेल्या दोन वर्षांपासून मात्र जमिनीवर काढलेल्या रात्रीचा हिशेब कंबर आणि डावा खांदा दुसऱ्या दिवशी चुकता करून घेऊ लागले. माझी ही कुरकूर ऐकून भाच्याने वाढदिवसाला मला एक हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगून झोपायचे कापड, भेट दिला. नायलॉनचे ३.३ मीटर लांबीचे कापड, दोन्ही टोकांना ते चुणीसारखे गोळा करून ओवलेली दोरी, दोन कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या) आणि झाडाला गुंडाळायचे दोन रुंद पट्टे एवढा सगळा ऐवज एका छोट्या पिशवीत मावत होता. जानेवारीत चार दिवसांची सुट्टी मिळाली, तेव्हा ती पिशवी घेऊन मी गुहागर तालुक्यात आत्याच्या घरी गेलो. पहिला प्रयोग डोंगरात करू नये, चूक झालीच तर उठून घरात जाता यावे, एवढा शहाणपणा माझ्याकडे होता.

हॅमॉक बांधण्याआधी झाडे निवडावी लागतात आणि कोकणातल्या आगरात हे काम वाटते तितके सोपे नाही. माझी नजर पहिल्यांदा गेली ती सरळ, उंच आणि नेमक्या अंतरावर उभ्या असलेल्या दोन माडांकडे. ते पाहताच आत्या ओटीवरून म्हणाली, "माडाखाली झोपतोस? नारळ पडायला काय तुला विचारणार आहे?" नारळच कशाला, वाळलेली झावळीसुद्धा रात्री अंगावर आली तर माणूस जायबंदी होऊ शकतो. पोफळी बारीक असतात आणि भार आला की वाकतात. शेवग्याचे लाकूड किती ठिसूळ असते, हे शेंगा काढताना फांदीसकट खाली आलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. हापूसची कलमे मजबूत होती, पण त्यांना नुकता मोहोर आला होता आणि बागेची देखभाल करणाऱ्या गड्याने "कलमांना हिसका बसेल असे काही नको" असे बजावल्यावर तो विषय तिथेच संपला. शेवटी विहिरीच्या अलीकडचा जुना रायवळ आंबा आणि त्याच्यापासून साधारण १५ फुटांवरचा फणस अशी जोडी ठरली. दोघांचेही बुंधे माझ्या कवेत न मावणारे होते. डोक्यावर वाळकी फांदी अडकलेली नाही ना, हेही पाहून घेतले.

पहिल्या रात्रीची चूक मी अगदी विचारपूर्वक केली. मला पलंगासारखी सपाट जागा हवी होती, त्यामुळे मी पट्टे जितके ओढता येतील तितके ओढून हॅमॉक वाळत घातलेल्या धोतरासारखा ताठ केला. त्यात बसताना कापडाची जवळची कड मांडीखाली दुमडली, पलीकडची कड हातातून सुटली आणि मी पालापाचोळ्यात पाठीवर आलो. दुसऱ्या खेपेला आत शिरण्यात यश आले, पण ताठ कापडाच्या दोन्ही कडा खांद्यांना आवळत होत्या, शरीराचा जरासा तोल गेला तरी अख्खा हॅमॉक कलंडू पाहत होता आणि पाठीचा आकार केळ्यासारखा झाला होता. ज्या सपाटपणासाठी मी एवढी ओढाताण केली होती, त्याचा मागमूसही नव्हता. रात्री साडेबाराच्या सुमारास मी हार मानली आणि ओटीवर जाऊन झोपलो.

इथे एक कबुली देणे भाग आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. दोन दोऱ्यांनी टांगलेले वजन आणि त्या दोऱ्यांमधला ताण हे गणित मी दरवर्षी फळ्यावर सोडवतो, पण स्वतः त्या वजनाच्या जागी गेल्यावर ते मला आठवले नाही. सकाळी चहा पिताना वर्तमानपत्राच्या कडेला ते मांडून पाहिले. माझे वजन ७२ किलो आहे. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक पट्ट्यावरचा ताण बरोबर ७२ किलोवजन, म्हणजे माझ्या वजनाइतकाच येतो. तोच कोन १० अंशांवर आणला, तर ताण २०० किलोंच्या पुढे जातो आणि ५ अंशांवर तो ४०० किलोंहूनही जास्त होतो. म्हणजे आदल्या रात्री मी पट्ट्यांवर, गाठींवर आणि त्या दोन बिचाऱ्या झाडांवर विनाकारण तिप्पट ओझे टाकले होते. पट्टे किमान इंचभर रुंद असावेत असे सांगतात ते यासाठीच, कारण एवढा ताण बारीक दोरीवर आला तर ती सालीत रुतते आणि सालीच्या लगेच आत असलेला झाडाचा जिवंत थर चिरडला जातो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पट्टे चांगले सैल केले. कोन मोजण्याची एक सोपी युक्ती आहे. अंगठा वर आणि तर्जनी समोर, असा हाताचा पिस्तुलासारखा आकार करून तर्जनी जमिनीला समांतर धरायची. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत जी कल्पित तिरकी रेषा जाते, तिला पट्टा साधारण समांतर असला की ३० अंश जमले असे समजावे. पट्टे झाडाला माझ्या डोक्याच्या उंचीवर आले आणि मी बसल्यावर बैठक खुर्चीइतकी, म्हणजे जमिनीपासून दीड फुटावर आली. त्यापेक्षा उंच टांगण्यात शोभा असेल, पण पडण्याची शक्यता गृहीत धरणाऱ्याने दीड फुटावर समाधान मानावे. काही हॅमॉकना दोन्ही टोकांना जोडणारी एक पक्की दोरी वरून बांधलेली असते आणि तिची लांबी कापडाच्या लांबीच्या सुमारे ८३ टक्के ठेवतात. झाडांमधले अंतर थोडेफार बदलले तरी त्या दोरीमुळे कापडाचा झोल कायम राहतो. माझ्या हॅमॉकला ती नव्हती, म्हणून आत्याच्या कपडे वाळत घालायच्या नव्या दोरीतून पावणेतीन मीटरचा तुकडा कापून घेतला.

सैल हॅमॉक पाहून माझा विश्वास बसेना. तो दोन झाडांमध्ये चंद्रकोरीसारखा लोंबत होता आणि अशा खड्ड्यात पाठीचे काय होईल, या विचाराने मी धास्तावलो. मधोमध, हॅमॉकच्या लांबीच्या रेषेत आडवा झालो, तेव्हा पाठ खरोखरच वाकली. पण कुशीवर वळण्याच्या धडपडीत माझे पाय उजव्या कडेकडे सरकले, डोके डावीकडे गेले आणि तेवढ्यात कोणीतरी अंगाखालून उशी काढून घ्यावी तशी ती वाकण एकदम नाहीशी झाली. मी जागच्या जागी स्थिर राहिलो. डोके, पाठ, कंबर आणि टाचा जवळजवळ एका पातळीत आल्या होत्या.

असे का होते, हे नंतर कागदावर रेखाटून पाहिले. हॅमॉकची मधली रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे जाताना सर्वांत जास्त वक्र असते आणि आपण त्या रेषेवर झोपलो की तो सगळा वक्र पाठीत उतरतो. तिरके झोपल्यावर डोके एका बाजूच्या आणि पाय दुसऱ्या बाजूच्या कापडाला बाहेर ढकलतात, त्यामुळे शरीर त्या वक्राला छेदून आडवे जाते. मात्र कडांना असे बाहेर जाता यावे, एवढे कापड मोकळे असले पाहिजे आणि ते सैल बांधल्याशिवाय मिळत नाही. ताठ बांधलेल्या हॅमॉकमध्ये कडाही ताठ होतात आणि माणूस मधल्या पन्हळीत अडकून पडतो. मला सपाट जागा हवी होती म्हणून मी जे केले, नेमके तेच तिच्या आड येत होते. मध्यरेषेपासून डोके एक-दीड वीत एका बाजूला आणि पाय तेवढेच दुसऱ्या बाजूला, हे प्रमाण मला मानवले. पायाकडचा पट्टा डोक्याकडच्या पट्ट्यापेक्षा वीतभर वर सरकवावा लागतो, कारण धड पायांपेक्षा जड असते आणि दोन्ही टोके सारख्या उंचीवर असली की माणूस रात्रभर पायाच्या दिशेने घसरत राहतो. गुडघे फार ताणले जात असतील, तर त्यांच्याखाली दुमडलेला टॉवेल ठेवला की पुरते.

यात मी काही नवे शोधून काढले नव्हते, हे उघडच आहे. हॅमॉक हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमध्ये आणि तिथून इंग्रजीत आला. १४९२ साली कोलंबसाने तिथे पाऊल ठेवले, तेव्हा ते लोक अशाच जाळ्यांत झोपत होते. मेक्सिकोतल्या युकातान भागात आजही घरोघरी पलंगाऐवजी हॅमॉक वापरतात आणि त्यात तिरकेच झोपतात. १५९७ मध्ये इंग्रजी आरमाराने तो स्वीकारला, पण जहाजावर प्रत्येक खलाशाच्या वाट्याला टांगण्यासाठी फक्त १४ इंच रुंदीची जागा येत असे. त्या दाटीत तिरके झोपण्याची सोय कुठून असणार! आपल्याकडे शेताच्या बांधावर जुन्या लुगड्याची झोळी बांधून तीत तान्ही मुले झोपवतात, ती मी लहानपणापासून पाहत आलो आहे. आत्या माझ्या हॅमॉकला चारही दिवस झोळीच म्हणत होती आणि मला ते दुरुस्त करावेसे वाटले नाही.

दुसरी रात्र त्यामुळे चांगली जाईल, असे मी धरून चाललो होतो. अकराच्या सुमारास छान झोप लागली, पण अडीच वाजता पाठीला गारठा झोंबल्यामुळे जाग आली. कोकणातल्या जानेवारीला कोणी कडाक्याची थंडी म्हणणार नाही आणि पहाटेसुद्धा पारा १८ अंशांच्या आसपास होता. अंगावर ब्लँकेट होते, खाली स्लीपिंग बॅग होती, तरी मांडीपासून खांद्यापर्यंतचा भाग बर्फावर टेकल्यासारखा गार पडला होता. स्लीपिंग बॅगची ऊब तिच्यात अडकलेल्या हवेत असते आणि शरीराच्या भाराखाली ती हवा पिळून निघून जाते. जमिनीवर झोपताना निदान वारा तरी लागत नाही, इथे मात्र एका पातळ कापडाखालून तो रात्रभर वाहत राहतो आणि अंगाची ऊब घेऊन जातो. त्यात भर म्हणून, मच्छरदाणी फक्त वरच्या बाजूला असल्यामुळे डासांनी खालून कापडातून सोंड घालून पाठीवर यथेच्छ भोजन केले होते. उरलेली रात्र कॅरीमॅट अंगाखाली घेऊन काढली. कॅरीमॅट दबत नाही, त्यामुळे ऊब राहते, पण कूस बदलली की ती सापासारखी निसटते आणि सकाळी ती माझ्या पोटावर होती.

तिसऱ्या संध्याकाळी आत्याने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी काढून दिली. अंगाखाली घालण्याऐवजी ती मी हॅमॉकच्या बाहेरून, खालच्या बाजूला टांगली. चारही कोपऱ्यांना नाडी बांधून ती हॅमॉकच्या दोन्ही टोकांना अशा बेताने बांधली की कापडाला ती चिकटून राहावी, पण माझे वजन तिच्यावर येऊ नये. या कामासाठी खास तयार केलेल्या रजया बाजारात मिळतात आणि त्यांची किंमत वाचून मी तो विचार सोडून दिला होता. गोधडीचे वजन डोंगरात नेण्यासारखे नव्हते, पण तिने वारा आणि डास दोन्ही अडवले. कडा नीट जुळल्या नाहीत तर फटीतून वारा शिरतो, म्हणून त्या दोनदा सोडून पुन्हा बांधाव्या लागल्या. वरून प्लास्टिकची ताडपत्रीही लावली, कारण पाऊस नसला तरी कोकणात पहाटे दव इतके पडते की ओटीबाहेरची खुर्ची पुसल्याशिवाय बसता येत नाही.

त्या रात्री झोपण्याआधी मी उगाचच एक मोजणी केली. पायाने जमिनीला हलका रेटा देऊन हॅमॉकला झोका दिला आणि घड्याळात पाहिले, तर दहा झोक्यांना साधारण २३ सेकंद लागले. २०११ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी १२ जणांना दुपारी ४५ मिनिटे हलत्या पलंगावर झोपवले होते आणि स्थिर पलंगापेक्षा त्यांना तिथे लवकर झोप लागली होती. त्यांचा पलंग चार सेकंदांत एक झोका घेत असे, म्हणजे माझा हॅमॉक त्याच्या जवळपास दुप्पट घाईत होता. तेवढा संथ झोका हवा असेल, तर पट्ट्यांपासून बैठकीपर्यंतची खोली आत्ताच्या तिप्पट करावी लागेल आणि त्यासाठी झाडावर चढावे लागेल. झोका काही मिनिटांतच थांबला, सुरूच्या बनापलीकडून समुद्राची गाज येत होती आणि एकदा लांब कोठेतरी कोल्हेकुई झाली. त्यापुढचे मला आठवत नाही. जाग आली तेव्हा सहा वाजले होते आणि रहाटाचा आवाज येत होता.

कंबर आणि खांदा दोन्ही गप्प होते. पालथे झोपण्याची माझी जुनी सवय मात्र हॅमॉकमध्ये भागत नाही, तिथे पर्याय फक्त पाठीचा किंवा कुशीचा. फणसाच्या बुंध्यावरचा पट्टा सोडताना सालीवर ओरखडा दिसला नाही, पण पट्ट्याने आंब्यावरच्या तांबड्या मुंग्यांना नवा पूल मिळवून दिला होता आणि तो गुंडाळताना त्यांनी मनगटावर निषेध नोंदवला. पुढच्या खेपेस पट्ट्यांवर घरच्या हळदीचा जाड थर लावून पाहावा, असे आत्याचे मत आहे.

जूनमध्ये पुन्हा जायचे ठरले आहे, या वेळी मोठी ताडपत्री घेऊन. पट्ट्यावरून ओघळत येणारे पाणी हॅमॉकमध्ये शिरू नये, म्हणून त्याच्या अलीकडे एक सुताचा तुकडा लोंबता बांधायचा असतो, म्हणजे थेंब तिथूनच खाली गळतात, हे वाचून ठेवले आहे. अडचण झाडाचीच आहे. फणसाच्या ज्या बुंध्याला मी पट्टा बांधला होता, त्यावर आत्ताच हाताच्या अंतरावर तीन कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, धरल्या होत्या. जूनपर्यंत त्यांचे दहा-दहा किलोंचे फणस झालेले असतील, त्यामुळे आंब्याच्या दुसऱ्या अंगाला उभ्या असलेल्या जांभळापर्यंतचे अंतर मोजून कळवण्याचे काम मी गड्यावर सोपवले आहे.