घराचं काम काढलं तेव्हा काय घरी केलं आणि काय कारागिरांना दिलं

आमचा डोंबिवलीत वन बीएचके आहे, बिल्डिंग नव्वदच्या दशकातली. बाथरूममुळे खालच्या काकूंच्या छताला ओल धरली होती, आणि त्या एका शब्दाने भांडल्या नाहीत त्यामुळे आम्हालाच जास्त वाईट वाटायचं, म्हणून दिवाळी झाल्यावर काम काढलंच. एकदा काढलं म्हटल्यावर त्यात वायरिंग आलं, रंग आला, दारं आली. बायकोचं म्हणणं, सगळं एकाच कॉन्ट्रॅक्टरला द्या आणि मोकळे व्हा. बाबांचं म्हणणं, निम्मं काम घरच्या घरी होतं, कशाला पैसे घालवायचे.

आधी कोटेशन मागवली. इथे एक सांगतो, लेबर रेट आणि विथ मटेरियल असे दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून घ्या, नाहीतर दोन कोटेशनची तुलनाच करता येत नाही. रंगाला एकाने भिंती न मोजताच कार्पेट एरियाला साडेतीनने गुणून आकडा सांगितला. हा ठोकताळा धंद्यात चालतो, पण आम्ही टेप धरून भिंती मोजल्या, दारं-खिडक्या आणि फिक्स कपाटामागचा भाग वजा केला तर माप बरंच खाली आलं.

मग प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारला, हे बिघडलं तर लगेच दिसेल का आणि न फोडता परत करता येईल का? भिंतीवर रोलरचे पट्टे उठले तर पॉलिश पेपर मारून परत हात देता येतो. पण फरशीखालचं वॉटरप्रूफिंग, भिंतीतला पाइप, भिंत खोदून पाडलेल्या झिरीत गेलेली वायर यांचं बिघडलेलं कळतं तेव्हा वर टाइल्स लागून वर्ष झालेलं असतं. म्हणून पाणी आणि करंट कारागिरांकडे द्यायचं, बाकी जमेल तेवढं घरी, असं ठरलं आणि बायकोलाही ते पटलं.

बाथरूमसाठी बाबांचा विचार होता की टाइल्सचे सांधे खरवडून एपॉक्सी ग्राउट भरलं की झालं. प्लंबर आला, ओडिशातल्या केंद्रापाड्याचा (या धंद्यातले कितीतरी लोक त्याच भागातले आहेत), त्याने लगेच काही फोडलं नाही. आधी नहाणी ट्रॅपच्या (फरशीवरचं पाणी जिथून खाली जातं त्या जाळीखालच्या भांड्याच्या) तोंडात फडकं कोंबून फरशीवर पाणी साठवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं, खाली काही फरक नाही. मग फडकं काढून बादलीने पाणी सोडलं तर थोड्याच वेळात काकूंकडे छताला थेंब धरले. म्हणजे दोष फरशीच्या सांध्यांत नव्हताच, ट्रॅप आणि पाइपच्या जोडात होता, आणि ग्राउट कितीही चांगलं भरलं असतं तरी गळती तशीच राहिली असती. अशा नजरेचे पैसे द्यायला मला अजिबात जड गेलं नाही.

पुढचं काम मात्र मी शेजारी उभं राहून करून घेतलं. ट्रॅप बदलला, स्लॅब साफ केला, कोपऱ्यांत सिमेंटचा गोलावा दिला, मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, आणि भिंतीवरही फूटभर चढवून. ते सुकल्यावर पाणी भरून ठेवलं. टाइल्सवाल्याला घाई होती, दुसऱ्याच दिवशी सुरू करतो म्हणाला, तर प्लंबरच त्याला म्हणाला, “भैया, पानी दो दिन रहने दो, नीचेवाले का छत देखने के बाद टाइल लगाना.” काकूंनी छत कोरडं असल्याचं सांगितल्यावरच टाइल्स लागल्या. नवे सीपीव्हीसी (गरम पाणी चालणारे प्लास्टिकचे) पाइपही झिरी बुजवायच्या आधी पंप लावून प्रेशरला तपासून घेतले.

वायरिंगबद्दल घरात वादच नव्हता, ते परवानाधारक माणसाकडेच दिलं. गिझर आणि एसीला ४ स्क्वेअर एमएमच्या वायरची वेगळी लाइन, अर्थिंग नीट, आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच. जुन्या बोर्डात तो नव्हताच, आणि बाथरूममध्ये गिझर असताना तो नसणं मला फार धोक्याचं वाटतं, बाकी काही करा-न करा, हा बसवून घ्याच.

रंग एक भिंत सोडली तर पूर्ण घरी केला. यात रंग लावायला फार वेळ लागत नाही, सगळी मेहनत त्याच्या आधीची. पोपडे पत्र्याने खरवडा, भिंत पुसा, लांबी (पुट्टी) भरा, घासा, परत भरा, परत घासा. लांबी थोडी थोडीच कालवायची, दोन-तीन तासांत ती घट्ट होते आणि वरून पाणी घालून सैल केलेली लांबी पुढे सुटते. घासताना मास्क हवाच, ती धूळ फार बारीक असते. बाबा बल्ब भिंतीला चिकटून आडवा धरायचे, मग दिवसा न दिसणारे खळगे सावलीत उठून दिसायचे, मी तिथे पेन्सिलने खूण करायचो आणि मुलगी तेवढ्यावरच लांबी लावायची. प्रायमर रात्रभर सुकू दिला, मग रंगाचे दोन हात. रंगाऱ्याची मजुरी वाचली त्यात बाथरूमला चांगल्या टाइल्स आल्या. पण जिन्याच्या बाजूची उंच भिंत रंगाऱ्याला दिली, शिडीवर चढून तिथे हात पोचवायचा अट्टहास बाबांनी केला तरी मी करू दिला नाही.

झिऱ्या बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीवर टेप लावून फोटो काढले होते, पाइप कोपऱ्यापासून किती इंचांवर आणि वायर किती उंचीवर ते त्यात स्पष्ट दिसतं. परवा टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारायचं होतं, तेव्हा फोटो उघडला, गरम पाण्याचा पाइप सोडून चार इंच डावीकडे खूण केली आणि मीच भोक पाडलं.