गौहरजानच्या तबकडीचा वेग अखेर हाती लागतोय

मंडळी, जुन्या काळातली ठुमरी गायिका गौहरजान हिची ती दहा इंची तबकडी अखेर माणसाच्या गळ्यासारखी वाजली! गेल्या वेळी ती मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या नेहमीच्या वेगावर लावली आणि तिथेच घोडं अडलं होतं. सा दोन पट्ट्यांच्या मधोमध, ताना चिरचिऱ्या आणि ठुमरीतला लाडिकपणा पार गायब. आता प्लॅटर, म्हणजे तबकडी फिरवणारी थाळी, ७४च्या आसपास आणलाय. आवाज जवळजवळ एक पट्टी खाली उतरला आणि त्याबरोबर त्याला वजन आलं. मुरकी घेताना ती बाई एका स्वरावर क्षणभर रेंगाळते, तेवढं ऐकण्यासाठी मी रात्री पुन्हापुन्हा सुई मागे नेत होतो.

७८ हा आकडा सगळीकडे पक्का झाला तो पुढे, विजेवरचं ध्वनिमुद्रण आल्यानंतर. १९०२च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मेणावर घेतलं तेव्हा ना मायक्रोफोन होता, ना ॲम्प्लिफायर. कर्ण्यासमोर उभं राहून गायचं आणि कोरणारं यंत्र लोंबत्या वजनावर फिरायचं. मेणाचे साचे पुढे जर्मनीत हॅनोव्हरला जायचे आणि तिथून तबकड्या छापून यायच्या. वेग किती ठेवायचा हे मुद्रण करणाऱ्याच्या हातात होतं. त्यामुळे त्या काळच्या प्रत्येक तबकडीचा वेग स्वतंत्रपणेच शोधावा लागतो.

आणि वेग ठरवताना आधार म्हणून पकडायला काहीच नसतं. सारंगी गायिकेच्या सा-वर मिळवलेली, तबलाही तसाच. पेटी असली तरी तिचे सूर तेव्हाच्या कारागिराने कुठे लावले ते कसं ठरवणार? आजच्या ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या सुराच्या मापाने ती मोजण्यात अर्थ नाही. लयीवरून अंदाज बांधावा, तर तीन मिनिटांत ठुमरी बसवायची म्हणून ती मुळातच चढ्या लयीत गायची.

वाट सापडली ती शेवटच्या घोषणेत. ‘माय नेम इज गौहरजान’ हे आपण सगळे कौतुकाने ऐकतो आणि सुई उचलतो. पण अख्ख्या तबकडीवर बोलण्याचा आवाज तेवढाच आहे. गाताना तोंड उघडायची तऱ्हा बदलते, बोलताना स्वर नेहमीच्या जागी राहतात. वेग वाढला की नुसती पट्टी चढत नाही, ‘आ’ आणि ‘ए’ यांचा घाटसुद्धा आक्रसतो आणि मोठी बाई लहान मुलीसारखी बोलू लागते. कर्ण्यातून घेतलेल्या मुद्रणात वरचे सूर आलेलेच नसतात, म्हणून ‘इज’मधला ज जवळपास नाहीच. सगळी भिस्त स्वरांवर. मी तेवढा तुकडा कापला, ७०पासून ८०पर्यंत एकेक फेरा वाढवत त्याच्या प्रती केल्या आणि क्रम उलटसुलट करून घरच्यांना ऐकवल्या. आकडे कुणालाच सांगितले नव्हते. बहिणीने ७८ची प्रत ऐकून लगेच ‘हिला गाडी पकडायचीय का?’ असं विचारलं. बहुतेकांचं बोट ७३ ते ७५मध्ये पडलं.

तरी एवढ्यावर भरवसा ठेवायला मन तयार नव्हतं. मग तिचीच त्याच सुमाराची दुसरी तबकडी काढली, तिच्यावरही घोषणा आहे. तिथे वेग वेगळा निघाला, पण त्या वेगावर सा आला बरोबर पहिल्या तबकडीच्याच पट्टीवर! एका काळात गाणाराची पट्टी सहसा फार हलत नाही, त्यामुळे हा पुरावा मला भक्कम वाटतो.

आता हत्यारांबद्दल. या तबकड्यांना तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुईच हवी, एलपीची, म्हणजे नंतरच्या बारीक खाचेच्या तबकड्यांची, सुई खाचेच्या तळाशी खरखरत राहते. एका ऑनलाइन विक्रेत्याने तीन मिल म्हणून एलपीचीच सुई पाठवली होती. तेव्हा डबी उघडल्यावर भिंगाखाली बघूनच लावा. सुई बसते त्या कार्ट्रिजच्या दोन्ही वाहिन्या जोडून मोनो केल्यावर उभ्या हालचालीचा खरखराट एकदम निम्म्यावर आल्यासारखा वाटला. शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या, या तबकड्यांना स्पिरिट लावू नका, लाख त्यात विरघळते. ऑडेसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये बदल करायचा तो ‘चेंज स्पीड’ने. ‘चेंज पिच’ने लय जागची हलत नाही, आणि आपल्याला लय व पट्टी दोन्ही एकत्र उतरवायची असतात. तरी माझं मत विचाराल तर वेग प्लॅटरवरच जुळवावा.

या नादात जाझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ बाहेर काढली. १९५९च्या त्या एलपीची पहिली बाजू वर्षानुवर्षं किंचित चढी वाजत होती, कारण मुद्रणाच्या दिवशी टेप यंत्र हळू चाललं होतं. १९९२च्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. माझी प्रत त्याआधीची. इथे काम सोपं, पियानो आहे ना! प्लेअरचा पिच कंट्रोल (वेग कमीजास्त करायची कळ) खाली आणत बिल एव्हान्सचा पियानो कीबोर्डशी जुळवला आणि ‘सो व्हॉट’ची सुरुवात अशी काही स्थिरावली की पॉल चेंबर्सच्या बासचा प्रत्येक आघात पोटात जाणवला. वेगातला फरक अगदी थोडा, पण मला तो आता विसरता येणार नाही.

बीटल्सची ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ मात्र आहे तशीच ठेवणार. वेगळ्या पट्टीतले, वेगळ्या लयीतले दोन टेक निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी वेग बदलून एकत्र जोडले. गायक जॉन लेननचा तो जड, झोपाळू आवाज त्या खेळातूनच आला, तिथे दुरुस्तीचा प्रश्नच नाही.

पुढचा विचार गौहरजानच्या उरलेल्या तबकड्यांचा होता. पण हे लिहितानाच एक कल्पना सुचली आणि आता आधी मास्टर दीनानाथ घेणार. त्यांची बरीच मुद्रणं विजेच्या काळातली, म्हणजे मूळ मुद्रणातच विजेची गुणगुण उतरलेली असू शकते. प्लॅटरचा वेग बदलला की खाचेतली गुणगुण सरकेल आणि माझ्या प्रीॲम्पची (सुईचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्राची) ५० हर्ट्झवरच राहील, त्यामुळे दोन्ही वेगळ्या ओळखता येतील. मुद्रण झालं तिथली वीजही ५० हर्ट्झची धरली, आणि ७८वर खाचेतली ५१वर दिसली, तर खरा वेग साडेशहात्तरच्या जवळ. दीनानाथांच्या त्या धारदार, उसळत्या ताना चुकीच्या वेगावर नुसत्या कर्कश होतात, म्हणून हे जमायलाच हवं. ‘परवशता पाश दैवे’पासून सुरुवात करतोय. कुणाकडे त्याची कमी झिजलेली प्रत असेल, तर सुरुवातीच्या कोऱ्या खाचेचे दोन-तीन सेकंद पाठवा, गाणं नसलं तरी चालेल.