तुम्ही विचारलंत म्हणून : ट्रेनिंगनं उत्पादन किती वाढलं?

"बाहेर ट्रेनिंगला माणसं पाठवता, त्यानं उत्पादन किती वाढलं? एक आकडा सांगा." बजेटच्या मीटिंगमध्ये फायनान्सवाले विचारतात. लग्नात भेटलेला, स्वतःचं वर्कशॉप असलेला मावसभाऊही तेच विचारतो.

पत्र्याचे भाग दाबून बनवणाऱ्या चाकणच्या एका प्रेसशॉपमधलं ट्रेनिंग मी नऊ वर्षं बघतेय. आकडा माझ्याकडे होता, पण तो फीडबॅक फॉर्मची सरासरी होता. जेवण चांगलं असलं की लोक पाचपैकी पाच देतात. कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकांनी १९५९ मध्येच ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या : आवडलं का, शिकले का, कामात वागणं बदललं का, निकाल बदलला का. मी पहिलीवर बसून चौथीच्या गप्पा मारायचे.

मग एका सेटरला, म्हणजे प्रेसवर डाय (भाग घडवणारा साचा) बसवणाऱ्या कामगाराला, दोन दिवस डाय लवकर बदलण्याच्या ट्रेनिंगला पाठवलं. टोयोटातल्या हजार टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागायचे, ते शिंगो या जपानी इंजिनिअरनी तीन मिनिटांवर आणले, हे तो तिथे ऐकून आला. सोमवारी त्यानं आमच्या दोनशे टनी प्रेसवर मोबाइलमध्ये वेळ लावली. सत्तर मिनिटं. त्यातली बावीस पाना शोधण्यात, क्लॅम्पचा बोल्ट आखूड निघाला म्हणून दुसरा आणण्यात आणि क्रेनची वाट बघण्यात गेली. म्हणाला, "मशीन चालू असतानाच पुढची डाय आणि पाने शेजारी आणून ठेवू. फक्त एक ट्रॉली द्या."

सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, "दोन दिवस एसीत बसून आलास, आता आम्हाला शिकवणार?"

मी तिथेच उभी होते. महिनाअखेर होती, डिस्पॅच अडकलं होतं. मी काहीच बोलले नाही. आजही स्वतःला सांगते की शॉपफ्लोअर माझ्या हाताखाली नव्हता. खरं आहे ते. पण ट्रॉलीच्या मागणीपत्रावर सही करायला मला कोणी अडवलं होतं?

त्यानं भंगारातल्या अँगलची ट्रॉली स्वतः वेल्ड केली. एकदा एकेचाळीस मिनिटांत डाय बसवली. पंधरा दिवसांनी बघितलं तर ट्रॉलीवर डबे आणि हेल्मेटं.

नंतर कँटीनमध्ये तो म्हणाला, "मॅडम, आधी मी पाना नुसता शोधायचो. आता शोधताना मिनिटं मोजतो."

आता सांगा, यातला आकडा कुठला लिहू? एकेचाळीस लिहिला तर तो एकदाच झाला. सत्तर लिहिला तर ट्रेनिंग फुकट गेलं म्हणाल, आणि तसं नव्हतं; त्या महिन्याचं उत्पादन तर पत्र्याची कॉइल उशिरा आल्यामुळे पडलं होतं. 'ट्रेनिंग चांगलं, आपण वाईट' असं मी बरीच वर्षं म्हणत आले. पण ज्यानं दोन दिवस शिकवलं, त्यानंही परत गेल्यावर सुपरवायझरशी कसं बोलायचं हे कुठे सांगितलं होतं? आणि मी तरी कुठे विचारलं?

पुढच्या बॅचच्या यादीत सेटरच्या आधी सुपरवायझरचं नाव घातलंय. काल यादी परत आली. त्याच्या नावावर लाल रेघ, शेजारी 'डिस्पॅच'.