शेंगेन: व्हिसावर छापलेलं गाव

युरोपला जाणाऱ्या बहुतेक मराठी पर्यटकांच्या व्हिसावर शेंगेनचं नाव असतं, पण त्या गावात सहसा कोणी उतरत नाही. आम्ही मुद्दाम गेलो. जर्मनीतल्या ट्रियरहून मोझेल नदीच्या काठाकाठाने गाडी पर्लला येते. स्टेशनाबाहेर पडून नदीवरचा पूल ओलांडला की लक्झेंबर्गमधलं शेंगेन. फ्रान्सची हद्दही चालत जाण्याइतकी जवळ. उतारावर द्राक्षमळे, कुठे नाका नाही, पोलीस नाही.

१४ जून १९८५ ला इथे नदीत उभ्या असलेल्या 'प्रिन्सेस मारी-आस्त्रिद' या बोटीवर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी शेंगेन करार केला, की आपसातल्या सीमांवरची तपासणी हळूहळू उठवायची. प्रत्यक्ष नाके उठायला १९९५ उजाडलं. दोन्ही महायुद्धांत जर्मन फौजांनी लक्झेंबर्ग व्यापला होता, हे आठवलं की तो पूल ओलांडताना भरून येतं.

पूल उतरताच पेट्रोल पंप लागतात. गाड्यांच्या नंबरप्लेट बहुतेक जर्मन, नाहीतर फ्रेंच. लक्झेंबर्गमध्ये इंधन आणि तंबाखूवर कर कमी, आणि जर्मनीत कॉफीवर वेगळा कर आहे. एक जर्मन आजोबा टाकी फुल्ल करून कॉफीची पाकिटं खोक्याने डिकीत रचत होते. ग्राहकाचा फायदा उघड आहे. पण तेवढा कर जर्मनीच्या तिजोरीतून गेला आणि पर्लच्या दुकानदाराचं गिऱ्हाईकही.

बसथांब्यावर थियाँव्हिलकडच्या एक नर्सबाई भेटल्या. राहायला फ्रान्समध्ये, नोकरी लक्झेंबर्गच्या इस्पितळात. अशी दोन लाखांहून अधिक माणसं रोज सीमा ओलांडून इथे कामाला येतात, त्यातली निम्म्याहून जास्त फ्रान्समधून. पगार फ्रान्सपेक्षा बराच चांगला, त्यामुळे मुलांचं नीट होतंय, असं त्या म्हणाल्या. मग मी तोटे विचारले, तर बोलायच्या थांबेनात. ए-३१ महामार्गावरची कोंडी, गावातली वाढलेली भाडी, आणि फ्रान्समधल्या इस्पितळांना न मिळणाऱ्या नर्सेस. आयकर जातो लक्झेंबर्गला. शाळा, रस्ते, पाणी मात्र त्यांच्या गावाने पुरवायचं. नोकरी गेली तर बेकारभत्त्याचा मोठा भार फ्रान्सवर. बेल्जियमच्या सीमेवरच्या गावांना लक्झेंबर्गकडून भरपाई मिळते. फ्रेंच गावं कित्येक वर्षं ती मागताहेत.

मला खरी गोम इथेच वाटते. माणसांना मोकळं जाऊ देणं चांगलंच. पण कराचा वाटा कोणाला किती, हे ठरलेलं नसेल तर श्रीमंत शेजारी तयार माणूस घेतो आणि त्याला वाढवण्याचा खर्च गरीब शेजाऱ्यावर पडतो.

शिवाय मोकळी सीमा कायमची असते असंही नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे जर्मनीने इथे तपासणी सुरू केली, छोटे पूल बंद झाले. लक्झेंबर्गच्या इस्पितळांना तर शेजारदेशातल्या नर्सेस येऊ शकतील की नाही, याचाच घोर. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने पुन्हा तपासणी आणली, या वेळी स्थलांतराच्या कारणाने.

आपल्याकडच्या सार्कची, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची, स्थापनाही १९८५ चीच, डिसेंबरमध्ये ढाक्यात. तिची शेवटची शिखर परिषद २०१४ ला काठमांडूत झाली. आपल्या पेट्रापोलला बांगलादेशात जाणारे ट्रक दिवसचे दिवस ताटकळतात आणि पलीकडे गेल्यावर माल दुसऱ्या ट्रकमध्ये चढवावा लागतो. नर्सबाईंच्या सगळ्या तक्रारी ऐकूनही, असे तोटे सोसायची वेळ आपल्यावर यावी असं मला मनापासून वाटतं.

जाणार असाल तर ट्रियरहून सकाळीच निघा. परतताना शेंगेनहून लक्झेंबर्ग शहराकडे बसने जाता येतं. २०२० पासून देशभर सार्वजनिक बस आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांना फुकट आहे, पर्यटकांनाही. सीमेपलीकडच्या प्रवासाला मात्र तिकीट काढावं लागतं.