सिकिहोर दुचाकीवर: समुद्र उजव्या हाताला ठेवा

फिलिपिन्समध्ये नेग्रोस आणि मिंदानाओच्या मधल्या समुद्रात सिकिहोर बेट आहे. किनाऱ्याने फिरणारा रस्ता साधारण 75 किमीचा, गावं सहा, सिग्नल जवळपास नाहीतच. न थांबता गेलात तर दोन-अडीच तासांत चक्कर पुरी होते. पण धरायचा अख्खा दिवस, आणि डोंगरात शिरायचं असेल तर दोन.

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी 14 दिवस व्हिसा लागत नाही, ही सवलत जून 2025 पासूनची. नेग्रोसवरच्या दुमागेते शहरातून फेरी मिळते, जलद बोटीला तासभर लागतो. जून ते ऑक्टोबर नैऋत्येचा वारा असतो, त्याला तिथे हबागात म्हणतात. तो खवळला की कोस्ट गार्ड फेऱ्या थांबवतं, म्हणून परतीचं विमान बेट सोडायच्या दिवशीचंच काढू नका. मध्ये एक दिवस मोकळा ठेवा.

भाड्याने बहुतेक वेळा होंडा क्लिक किंवा यामाहा मिओसारखी स्कूटर देतात. होंडा वेव्ह मिळाली तर ती घ्या. तिला हाताचा क्लच नाही आणि सगळे गिअर पुढे दाबून पडतात, म्हणजे स्प्लेंडर चालवलेल्याला घरच्यासारखंच. फरक एवढाच की पेडल दाबलं की क्लच सुटतो आणि सोडलं की धरतो. उतारावर गिअर कमी करून टाच फटकन उचलली तर मागचं चाक क्षणभर अडकतं. पेडल दाबून ठेवायचं, ॲक्सिलेटर किंचित द्यायचा आणि मग पाय हळू सोडायचा.

लायसन्सवर गिअरच्या दुचाकीची नोंद हवी. आपलं इंग्रजीतलं लायसन्स तिथे 90 दिवस चालतं. गाडीच्या नोंदणीची आणि पावतीची प्रत मागून घ्या, तिथे तिला ‘ओआर-सीआर’ म्हणतात. अनामत म्हणून पासपोर्ट मागितला तर झेरॉक्स आणि थोडी जास्त रोकड देऊ करा. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही सक्तीचं आहे. प्रवास विमा असेल तर त्यातलं दुचाकीचं कलम निघण्याआधी वाचा, कारण बऱ्याच पॉलिसी दुचाकीचा अपघात सरळ वगळतात.

खाऱ्या हवेने गाड्या लवकर गंजतात. ताब्यात घेताना मागच्या ब्रेकची केबल बघा. तिचे धागे तुटायला लागतात ते टोकापाशी, लिव्हरच्या तोंडाशी. वेव्ह असेल तर चेनला बोट लावा. कोरडी आणि तांबूस दिसली तर तेल टाकून द्यायला सांगा. हेडलाइट लावून बघा, टायरच्या कडा चाचपा आणि गाडीभोवती फिरून एक व्हिडिओ काढा, म्हणजे परत देताना आधीच्या ओरखड्यांवरून वाद होत नाही.

आता दिशा. तिथे गाड्या उजवीकडून चालतात. त्यामुळे बेट घड्याळाच्या उलट फिरलात, तर समुद्र कायम तुमच्याच बाजूला राहतो आणि किनाऱ्यावर थांबताना समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही. मुक्काम बहुधा सान हुआनला असतो, म्हणून क्रम असा: सान हुआन, लाझी, मारिया, एनरिके व्हियानुएवा, लारेना, सिकिहोर गाव आणि शेवटी पालितोनचा किनारा, तोही सूर्यास्ताला. या क्रमात एकच खोट आहे, दुपारनंतर लारेनाकडून येताना ऊन डोळ्यांवर येतं. गॉगल ठेवा. घोटाळा खरा होतो तो चहापाण्याला थांबून पुन्हा निघताना. रस्ता रिकामा असतो, हात सवयीने डावीकडे वळतो, आणि समोरून ट्रायसिकल, म्हणजे बाजूला डबा जोडलेली मोटरसायकल, येते.

लाझीच्या आधी रस्त्यालगत भला थोरला बालेते आहे, आपल्या वडाच्या गोतावळ्यातला. मुळांशी झऱ्याचं कुंड आहे, त्यातले मासे पायाला चावे घेतात. लाझीत 1891 मध्ये पूर्ण झालेला पाद्र्यांचा मठ आहे, खाली प्रवाळाचा दगड आणि वर लाकूड. कांबुगाहाय धबधब्यासाठी मात्र गावातून आत वळावं लागतं, आणि गाडी लावून सव्वाशेच्या वर पायऱ्या उतराव्या लागतात. सकाळी आठच्या आत पोचा. मारियाजवळ सालागदूंगच्या किनाऱ्याला जाताना लावलेलं मोलाव्हेचं जंगल लागतं. मोलाव्हे म्हणजे आपल्या निर्गुडीचा भाऊबंद, फक्त हा चांगला वृक्ष होतो.

मधला बांदिलान डोंगर 557 मीटर. उंची फार नाही, पण रस्ता चढा आणि पावसाळ्यात शेवाळलेला. स्कूटरने उतरताना ॲक्सिलेटर पूर्ण सोडू नका. वेग फार कमी झाला की तिचा क्लच सुटतो, इंजिनचा ब्रेक लागत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मागचा ड्रम ब्रेक तापला की लिव्हर दाबूनही गाडी आवरत नाही. थांबून दहा मिनिटं गार होऊ द्यावा. वेव्हला दुसरा गिअर पुरतो.

सपाटीला धोका वेगळाच. कडेला प्रवाळी चुन्याची पांढरी खडी असते, तीवर चाक गोट्यांवरून घसरावं तसं घसरतं. शेतकरी भात-मका रस्त्याच्या कडेलाच वाळत घालतात. त्यावरून गाडी घालू नका, आणि एकदम बाजूलाही काढू नका. अंधारात डांबर उबदार असतं म्हणून कुत्री मधोमध झोपतात. सूर्य ऋतूप्रमाणे सव्वापाच ते सव्वासहाच्या दरम्यान मावळतो, त्याच्या आत मुक्कामी लागलेलं बरं.

पेट्रोल पंप गावांत आहेत. मध्ये सारी-सारी नावाच्या टपऱ्यांवर कोकच्या काचेच्या बाटल्यांत मिळतं, लिटरमागे थोडं महाग. अख्ख्या चकरेला दोन लिटर पुरे. पंक्चर झालं तर ‘व्हल्कनाइझिंग’ लिहिलेली पाटी शोधा, तेच पंक्चरचं दुकान. रविवारी दुपारी ते उघडं मिळेलच असं नाही. एटीएम मोजकी आणि तीही मुख्यतः सिकिहोर नि लारेना गावांत, म्हणून रोकड दुमागेतेलाच काढून घ्या. गाडीवरून उतरायचं ते डावीकडून. सायलेन्सर उजवीकडे असतो, आणि हाफ पॅन्टवर फिरणाऱ्यांच्या पोटरीवर त्याचा शिक्का हमखास बसतो.